तसाच

भांडी बाजारात गिऱ्हाईक वस्तूचं नाव सांगत नाही.
शेजारणीचं सांगतं.

आमच्या जिन्याखाली नऊ बिडाचे तवे पडून होते.
गोदेचा पूर एकदा त्यांच्यावरून जाऊन आला,
तेव्हाच शेठ म्हणाले, भंगारात काढ, पिंगळे.
मी उद्या उद्या करत राहिलो.
त्या दिवसांत सगळ्यांना न चिकटणारं हवं होतं,
हलकं, गुळगुळीत, खोक्यावर बाई हसणारी.

मग गंगापूर रोडच्या गायधनी मॅडम आल्या.
डॉक्टरांनी लोहाचं काही सांगितलं असेल, कुणास ठाऊक.
तवा उचलताना मनगट लचकलं, तरी नेला.
आठवड्यानं त्यांच्या मजल्यावरच्या दोघी.
"गायधनींकडे आहे तसाच."
मग त्या दोघींच्या नणंदा, भिशी, योगाचा वर्ग,
इंदिरानगर, पाथर्डी फाटा, एक तर थेट ओझरहून.
वजन किती, बीड कुठलं, कुणी विचारलं नाही.
विचारलं एवढंच: हाच ना तो?

शेठनं साडेतीनशेचे नऊशे केले.
मला वाटलं, संपलं.
साडेतीनशेला बायका तवा उलटून बघायच्या,
नखानं टकटक करायच्या, डाग शोधायच्या.
नऊशेला कुणी उलटला नाही.

दिवाळीच्या तोंडावर मॅडम पुन्हा आल्या.
तव्यांच्या चळतीकडे पाहिलं,
आपलीच साडी लग्नात दुसरीच्या अंगावर दिसावी, तसं.
"आता काय, सगळ्यांकडेच झालाय.
दुसरं दाखवा. कुणी नेलं नसेल असं."
मी जिन्याखाली वाकलो.
हाताला एक पितळी सोऱ्या लागला. पुसला.
बाराशे, शेठ गल्ल्यावरूनच म्हणाले.

परवा सिडकोत, घरी, ताटावर
कुमुद म्हणाली, "धात्रकांनी बिडाचा तवा आणलाय.
आपल्याला आणा ना. तुम्ही तर दुकानातच असता."
म्हटलं, आहे की आपला. माळ्यावर.
तुझ्या आईनं निफाडहून दिलेला.
"तो नको. तो जुनाय. तसला हवाय."

ती झोपल्यावर माळ्यावर चढलो.
राख, काथ्या, तेल.
पहाटेपर्यंत त्याला माणसात आणला.
आतून मुळातच आरशासारखा,
सासूबाईंनी तीस वर्षं भाकरी थापून केलेला.
दुकानाची पिशवी, आत कागद, वर चिठ्ठी: नऊशे.
कुमुदनं आधी चिठ्ठी वाचली,
मग तव्यावरून हात फिरवला.
म्हणाली, बघा. याला म्हणतात तवा.

आज शटर वर करतो तर पायरीवर धात्रक वहिनी,
सोबत उत्तमनगरच्या तिघी.
"कुमुदताईंकडे आहे तसाच द्या."
मी चळतीतला वरचा पुढे केला.
एकीनं बोट फिरवलं. खरखर.
"असा नाही हो. तसा."

शेठ माझ्याकडे बघतात.
मी जिन्याखाली वाकतो.
तिथं आता काही नाही,
भिंतीवर पुराच्या पाण्याची तेवढी रेघ.