अर्धं पाऊल मागे

त्याच्या डाव्या खांद्यामागे अर्धं पाऊल,
ही माझी जागा. घटस्फोटाच्या कागदांत
तिचा उल्लेख नव्हता, म्हणून राहिली.

ओलोमोउत्सच्या खाली, बीटाच्या शेतांमधला
कापलेल्या गवताचा पट्टा. सकाळचे सहा.
वेन्देलीनची रात्रपाळीची ट्राम
तासापूर्वी डेपोत लागलेली.
हातात कागद धरून मी वाचते:
"सरळ वर. पाव-पाव गिरकी, चार थांबे."

विमान चढतं.
तिसऱ्या थांब्याला नाक डावीकडे जातं,
केसभर; पण पंचांना केसच दिसतो.

"वारा," तो म्हणतो.
तळ्याकाठच्या पॉप्लरचं पानसुद्धा हललेलं नसतं.

मग आठवडाभर
आम्ही वाऱ्यावरचे आरोप एकेक मागे घेत गेलो.
बॅटरी तीन मिलिमीटर मागे सरकवली.
उलटं उडवून पाहिलं, नाक पडतं का, किती पडतं.
सुकाणू दाबलं की पंख कलायचा,
त्याला दोन टक्के उतारा दिला;
दोन जास्त झाले. दीड.
मोटर बंद करून उंचावरून सरळ खाली सोडलं
आणि दोघांनी माना वर करून मुकाट पाहिलं,
पोटाकडे ओढतंय की पाठीकडे.
इतकं एका दिशेला आम्ही
किती वर्षांनी पाहत होतो, मोजलं नाही.

शुक्रवारी विमानात काही दोष उरला नाही.
तिसऱ्या थांब्याला नाक गेलंच.

तेव्हा मी आकाश सोडून
त्याचा अंगठा पाहिला.
थांबा यायच्या आधीच तो सरकत होता डावीकडे,
न झालेली चूक सावरायला.

"वेन्देलीन, ट्राम कशी थांबवतोस?
दार खांबासमोर येतं,
तेव्हाच ना? की भीतीनं दोन घरं अलीकडे?"
तो बोलला नाही.
पुढचं वाक्य कागदावर नव्हतं,
मीही ते वाचलं नाही.

शनिवारी त्यानं काडीची स्प्रिंग
अर्धा फेरा घट्ट केली.
"एक," मी म्हटलं. "दोन."
"तीन" मुद्दामच जरा उशिरा.
अंगठा गप्प.
विमान ढगापुढे उभं चढत राहिलं,
भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिडीसारखं,
फक्त भिंत नव्हती.

चौथ्याला चुकला.
ती मात्र वाऱ्याची होती.
पॉप्लर हलत होते.