मागची भिंत

मुलीकडे बघायचं नसतं.
हे कुणी शिकवलं नाही, तिसऱ्या दिवशी आपोआप आलं.
बघायचं मागच्या भिंतीकडे.
पोपडे. खिळा. खिळ्याला सुतळी,
सुतळीला कॅलेंडर, त्यावर अर्धंच दिसणारं
'…षी सेवा केंद्र, साव…'
तडवी म्हणाला, मॅडम, सावदा.
मग कूलर बंद करून त्यानं नुसता आवाज ऐकला:
लांब कुठंतरी माणसं ओरडतायत,
केळीचे घड ट्रकमध्ये रचताना ओरडतात तशी.
यावलच्या पोराचा कान तो.

पण कान पुरावा होत नाही.

कंपनीला पत्र लिहिलं, ती समुद्रापलीकडची.
तिनं विचारलं, वेळ कुठल्या घड्याळातली?
आम्ही कळवलं, जळगावच्या.
महिन्यानं एक क्रमांक आला, त्याचं एक मिनिट आलं.
मोबाइलवाले म्हणाले, त्या मिनिटाला या क्रमांकामागे
तीनशे बारा फोन होते.
म्हणजे अख्खी आळी एकाच दारानं ये-जा करते
आणि आपल्या हातात फक्त दाराचा पत्ता.

शेवटी कामी आले झोपेशेठ.
कॅलेंडरं पाचशे छापली, म्हणाले,
पण उधारी चुकती करणाऱ्यालाच देतो.
तशी निघाली एकशे सत्तर घरं.
दोन्ही याद्यांत असलेलं नाव एकच.

दार उघडणाऱ्यानं माठातलं पाणी पुढं केलं.
मी घेतलं नाही.
(कोर्टात वकिलांनी हेही विचारलं:
बाहेर शेहेचाळीस डिग्री, तरी पाणी नाकारलंत,
म्हणजे आधीच ठरवून गेला होतात?)
पंच म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई आणि पाटबंधारेचा कारकून.
फोन ढाब्यावरच्या चांदीच्या कागदात गुंडाळला,
खास पिशवी मागवलेली होती, आलेली नव्हती.
लाख वितळेना, मग उन्हातच धरली.
पुढे नाशिकची प्रयोगशाळा, अकरा महिने रांग.
कारकुनाची बदली नवापूरला. शिपाई म्हणतो, सही माझी, पण आठवत नाही.

मुलीचं नाव मी सांगणार नाही,
कागदावर नाही तसं इथंही नाही.
तिची जबानी घेणाऱ्या बाई नागपूरच्या, चांगल्या होत्या,
खाली बसल्या, चिवडा दिला.
ती म्हणाली, "दिन बुडना व्हता."
बाईंनी लिहिलं: रात्री आठच्या सुमारास.

दोन वर्षांनी बऱ्हाटे वकिलांनी पंचांग उघडलं.
त्या दिवशी सूर्यास्त सात वाजून चार मिनिटांनी.
मग सात की आठ, बाळा?
पडद्याआड शांतता. पंख्याची कुरकुर.
"दिन बुडना व्हता."
सात की आठ?
"बुडना व्हता ना."
टंकलेखकानं मान वर केली: साहेब, काय लिहू?

बाहेर पिंपळाखाली तिच्या आईनं माझी बाही धरली.
"ताई, आते बस. पोरना आख्खा जलम बाकी शे."
मी कायद्याचं काहीतरी बोलले.
ती ऐकत होती, म्हणजे माझ्या चपलांकडे बघत होती.

प्रत्येक चित्राला चौसष्ट अक्षरांचा ठसा असतो.
एका ठशाची पहिली सहा मला पाठ आहेत,
स्वतःच्या गाडीचा नंबर विसरते मी.
गेल्या आठवड्यात ती सहा परत आली,
दुसऱ्या राज्याच्या पत्रातून: ओळखता का?
आरोपी जामिनावर, फोन आमच्या कपाटात, लाख शाबूत,
आणि ते चित्र कुठल्या कुठल्या घरात उघडतंय.
उत्तरात लिहिलं, होय. प्रकरण न्यायप्रविष्ट.

सवय जात नाही.
बोदवडला बहिणीकडे गेले तरी आधी स्विचबोर्ड बघते,
खिडकीचे गज मोजते.
ती विचारते, काय शोधतेस गं? चहा निवतो.

आखाजीला सावद्यावरून येताना
निंबाला बांधलेला झोका दिसला, चार-पाच पोरी.
त्यातली एक तीच असावी. उंच झालीय.
गाडी हळू केली.
मागे काय होतं, भिंत की कुंपण, खरंच सांगता येणार नाही,
उलटतपासणीत विचारलं तरी.

पुढची तारीख एकोणीस.