पाण्याची वेळ

पाऊण इंची, अर्धा इंची,
मी माणसं अशीच ओळखायचो.
एकोणीस वर्षं तांबट गल्लीला पाणी सोडतोय
पहाटे पावणेपाचला, खांद्यावर चार फुटी चावी.
कोण मोटार लावून ओढतं,
कोणाची तोटी कधीच बंद नसते,
शमशादभाभी आणि मंदा कासार
पहिल्या नंबरासाठी कशा कडाडतात,
चेंबरपाशी ओणवं राहून
सगळं ऐकू यायचं.

त्या दिवशीही चावी बसवली होती.
दोन आटे फिरवले असतील.
तिसऱ्याला चावीच मला फिरवायला लागली.

पुढचं सांगत नाही. सगळ्यांचं सांगून झालंय.
एवढंच, की धूळ बसली तेव्हा
पाणी मात्र वेळेवर आलं होतं,
जिथं मोऱ्या होत्या तिथं, विटांच्या आतून,
खाली भांडं लावायला कोणी नसताना.
मी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.
आत कोणी असेल तर बुडेल म्हणून.
मग रात्रभर वाटत राहिलं
आत कोणी असेल, तर तहानलेलं असेल.

गंगेवर परगावचे लोक येतात,
मडक्यात, डब्यात आपापलं माणूस घेऊन.
'सरळ उतारानं जा,' आम्ही सांगायचो.
त्या आठवड्यात रस्ता कोणी विचारला नाही.
कब्रस्तानात फावडी कमी पडली
तेव्हा पाणीपुरवठ्याची गेली, माझ्या सहीनं.
परत आली तेव्हा
दांड्यापर्यंत धुतलेली होती.

बाराव्या दिवशी साहेब कागद घेऊन आले.
'बंद कनेक्शनं सांग, बूच मारायचेत.'
मी सांगत गेलो, ते लिहीत गेले.
अकरावं माझं होतं.
त्यांनी वर पाहिलं.
मी म्हणालो, लिहा.
एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे,
अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा,
शाळेत पाच मार्कांना असायचं.

मग टँकर. मग कोपऱ्यावर एक नळ, तीन तोट्या.
रांगेत माणसांआधी भांडी उभी राहिली.
सगळ्यात पुढं एक चेपलेला हंडा,
गळ्याशी कोरलेलं नाव: शमशाद बी.
त्याच्यामागं मंदा.
कोणीतरी म्हणालं, ती बाई तर...
'ठाऊक आहे मला,' मंदा म्हणाली,
'पहिला नंबर तिचाच. मी भांडले नाही असं होईल का?'
तो हंडा भरून युनूसच्या तंबूत ठेवून आली
आणि रांगेत पुन्हा शेवटी उभी राहिली.

ढिगाऱ्यातून लोक भांडी शोधायला लागले.
नावं होती त्यांवर, कोणाच्या लग्नातली, कोणाच्या बारशाची.
माणसं सापडली नाहीत त्यांचीही सापडली.
विष्णू करडे फुटपाथवर ऐरण मांडून बसला,
पोचे काढायचे पैसे घेणार नाही म्हणाला.
पहिला घाव पडला
आणि अख्खी गल्ली तंबूतून बाहेर पळाली,
अंगावर पदर नाही, पायात चपला नाहीत,
एकानं तर पोर समजून उशी उचललेली.
मग कोणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही.
तेव्हापासून तो आधी ओरडतो,
'मारतोय रे!'
थोडा थांबतो
आणि मारतो.

आता नवी लाइन पडलीय.
पहाटे चावी बसवून मीही ओरडतो,
'सोडतोय रे!'
कुठून कुठून आवाज येतात, सोड, सोड.
काही ठिकाणांहून येत नाहीत.
तिथं मी जरा जास्त वेळ थांबतो.

इंदूचा तांब्या विष्णूकडं दिलाय.
विचारत होता, सगळा सरळ करू?
अजून सांगितलं नाही.

एकोणतीस कनेक्शनं होती कागदावर.
अठ्ठावीस बुचं मारली.
अकराव्यातून थेंब थेंब जातं,
खाली ओल धरलीय, एक मायाळूचा वेल आलाय.
साहेब विचारतात, राहिलं का रे एक?
सामान आलं नाही, मी म्हणतो.
सामान केव्हाच आलंय.
खिशात आहे.