सातवी स्लाईड

सोहार बंदरामागे टँकर उभे राहतात, त्या मैदानात
रात्री साडेनऊनंतर मी भाषण करतो.
खोलीत सहा जण. एकाची बायको व्हिडिओवर, एकाची डाळ शेगडीवर,
आणि वरच्या बंकवरचा सॅम्युअल प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवतो.
म्हणून इथे.

श्रोता एकच, गुलवझीर. पाण्याचा टँकर चालवतो.
इंग्रजी त्याला 'स्टॉप' आणि 'रिव्हर्स' एवढंच.
पायरीवर बसतो, चहाचा ग्लास गुडघ्यावर,
आणि मी त्याच्या बोनेटला पडदा समजून सुरू करतो :
गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड...

रिस्पेक्टेडच्या पुढे नेहमीच दरी.

चौथीत, देवरूखजवळच्या शाळेत,
'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग
आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो'
एवढं खणखणीत म्हटलं होतं.
मग सगळं पांढरं.
खानविलकर बाई ओठांनी पुढचा शब्द दाखवत होत्या,
मला दिसला फक्त त्यांचा सोन्याचा दात.
खाली बसलो. तरी टाळ्या झाल्या,
आणि तेच जास्त लागलं.

त्यानंतर यंत्रांकडे वळलो.
पंप कधी म्हणत नाही, दोन शब्द बोला.
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायची,
टोक बेअरिंगवर, आणि ऐकायचं :
कुठे घासतंय, कुठे कोरडं पडलंय.
बावीस वर्षं मी ऐकून पोट भरलं.

आता साहेब म्हणतात, पंप तुझा, गुरुवारी तूच बोल.
अकरा स्लाईडी. समोर मस्कतहून आलेले चौघे.
फोनमधला गुरू सांगतो, हात मोकळे सोडा.
मोकळ्या हातांचं करायचं काय, ते सांगत नाही.
सांगतो, श्रोत्यांच्या डोळ्यांत बघा.
बघितलं. गुलवझीरच्या डोळ्यांत झोप होती.

पण तिसऱ्या रात्री तो ग्लास खाली ठेवून म्हणाला,
"सात नंबर पे तू भागता है.
बाकी जगह चलता है, गिरता है, ठीक है.
वहाँ भागता है. क्या है वहाँ?"

त्याने इंजिनासारखं ऐकलं होतं मला.

वहाँ एक फोटो आहे, उघड्या कपलिंगचा.
खाली एक ओळ : चौदा ऑगस्ट, जखमी एक.
जखमी एक म्हणजे मुरुगेसन, उजव्या हाताची दोन बोटं.
आणि 'गार्ड नंतर लावू, आधी चालू कर'
हे माझं वाक्य.
आयुष्यात न अडखळता बोललेलं
बहुधा तेवढं एकच.

गुलवझीर बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "उधर गाड़ी रोक."

गुरुवारी रोकली.
एसीची घरघर ऐकू आली, कुणाच्या तरी घड्याळाची टिकटिक.
स्लाईडवर नसलेलं नाव घेतलं. नसलेलं वाक्य सांगितलं.
हात मोकळे होते, आणि थरथरत होते,
लपवले नाहीत.
पुढच्या चार स्लाईडींत तेरा वेळा 'दॅट इज' म्हणालो,
मोजायला सॅम्युअल होता मागे उभा.
त्याने आज टाळ्या वाजवल्या नाहीत.

शेवटी मस्कतच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.
"त्याचं पूर्ण नाव काय? आता कुठे असतो तो?"

पंपाचा दाब, खर्च, सुट्या भागांचे आकडे,
सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेलो होतो मी.

आज मैदानात कागद आणले नाहीत, फोन आणलाय.
ठेकेदाराच्या वहीतून नंबर मिळाला, तिरुनेलवेलीचा.
तिकडे अकरा वाजले असतील.
गुलवझीर नेहमीच्या पायरीवर. चहा दोन.
रिंग वाजतेय.
पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही.