शंभर ग्रॅम

खुर्चीच्या बुडाशी एक पिवळा कागद चिकटवलाय.
जावई तो मोबाइलच्या उजेडात वाचतो,
अर्धा गाडीत, अर्धा बाहेर,
गुडघे माझ्या सकाळच्या सड्यावर:
"मूल आणि खुर्ची मिळून तेहतीस किलो.
त्याच्या वर हे आकडे वापरायचे नाहीत."

मला हसू आलं.
एकतीस वर्षं मी आकड्यालाच पोरं टांगली.
अंगणवाडीच्या आढ्याला दोर, दोराला काटा,
काट्याला आकडा, आकड्याला निळी चड्डी,
चड्डीत शिरजगावातलं कोणाचं तरी रडणारं पोट्टं.
सुई हलायची थांबेपर्यंत मी श्वास धरायची.
मग वहीत लिहायची.
लोखंडाचा आकडा, शाईचा आकडा,
पगार एकाच कामाचा.

काटा पंचवीस किलोचा होता.
बारा-तेराच्या पुढं सुई क्वचितच गेली.
तबकडीची डावी बाजू निवृत्तीच्या दिवशीही
नव्यासारखी पांढरी.

आणि हा कागद म्हणतो, वजन जास्त नको.
मायबाई, जास्त!
हा शब्द माझ्या वहीत कधी आलाच नव्हता.

"तोला मग," मी म्हटलं.
समोर उमपांची संत्र्याची शेड, तिथं विजेवरचा काटा.
आधी खुर्ची. चौदा किलो दोनशे.
मग रुंजी.
चपला काढल्या. पैंजण काढले.
फ्रॉकच्या खिशातून निघाल्या दोन गोट्या,
बोराची एक बी,
आणि उमपांचंच एक संत्रं.
"हे पण मोजा ना."
नाही बाई. तुझं तुझंच मोजायचं.
अठरा किलो नऊशे.

पेटीच्या फळीवर खडूनं बेरीज केली.
तेहतीस किलो, शंभर ग्रॅम.

"शंभर ग्रॅमनं काय होते, आई?"
जावई हसला. "एक केळं कमी खाल्लं असतं तर झालं असतं."

सुभद्रा कासदेकर वीटभट्टीवरून अंधारात परतायची.
तिच्या जुळ्यातली धाकटी चार किलो नऊशेवर अडली होती.
अडली म्हणजे अडलीच, चिखलात बंडी अडावी तशी.
मी आठवड्यातून चारदा जायची,
मुगाची पेज, शेंगदाण्याचा कूट,
आणि दर वेळी तोच प्रश्न, किती घोट घेतले?
पाच किलोच्या रेघेवर सुई टेकली
त्या दिवशी आम्ही दोघी काहीच बोललो नाही.
सुभद्रानं पदरानं तबकडीची काच पुसली,
पुन्हा वाचली.
तिला वाचता येत नव्हतं.

जावयाला हे सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं,
"शंभर ग्रॅम लय असते, बाप्पा."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे,
तो पुन्हा गुडघ्यावर बसला, पुस्तिकेचं पान उलटलं,
बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागला:
खालचे दोन्ही आकडे सोडा.
मोठ्या माणसाचा पट्टा या खाचेतून ओवा.
पाठीमागचा, वरचा पट्टा तसाच राहू द्या.

आकडे सुटताना दोनदा खट् वाजलं.
त्यानं खुर्चीवर गुडघा रोवून पट्टा ओढला,
मी पलीकडून धरला,
मग दोघांनी खुर्ची हलवून पाहिली,
बैलाची वेसण बघावी तशी.
हलली नाही.

"आकडे रागावले का?" रुंजीनं विचारलं.
"रागावतील काऊन? त्यांची ड्युटी संपली."

गाडी परतवाड्याच्या रस्त्याला लागल्यावर
मी ट्रंकेतली जुनी वही काढली.
नाव. तारीख. अठरा किलो नऊशे.
पुढं रकाने तीनच होते,
कमी, फार कमी, बरं.
चौथा मी आखला.
पट्टी सापडली नाही,
म्हणून रेघ जरा वाकडी आलीय.