शुद्धिपत्र

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारल्या,
दौलतगंजातल्या छापखान्यात, खिडकीपाशी,
जिथून किल्ला दिसतो, म्हणजे धुकं नसेल तेव्हा.
लग्नपत्रिका, बियाण्यांची बिलं, श्रद्धांजल्या.
निवृत्त झाले, तरी पेन्सिल अंबाड्यातच राहिली.

मग वकील भदौरियाबाई आल्या एक कागद घेऊन.
"काकी, जरा बघा. मेळ्यात वाटायचाय."
मजकूर हिंदीत होता; मी अडखळते मराठीतच.
वर मोठ्या टायपात: लापता.
म्हणजे बेपत्ता, म्हणजे पत्ता नसलेली.
पण बाईंच्या पिशवीत पत्ते होते की.
भिंडच्या अलीकडचं गाव,
पिंपळापासून तिसरं घर, दाराला निळा रंग.
"हा शब्द चुकलाय," मी म्हटलं.
खाली होतं, हरवली.
हरवते ती छत्री. हरवते ती किल्ली.
हिला नेली.
नेणाऱ्याला नाव आहे, त्याला दलाली पोचली आहे,
वाक्यात कर्ता घाला!
बाई हसल्या. "कर्ता घातला की नोटीस येते, काकी."
तरी घातला.

तेच मी मराठीत लिहिलं, मंडळाच्या अंकासाठी.
चिटणीस शितोळे म्हणाले, विषय गंभीर आहे हो,
पण अंक संक्रांतीचा.
तिळाच्या वड्यांवर काही नाही का तुमच्याकडे?

म्हणून हळदीकुंकवाला वाचला,
वाण लुटून झाल्यावर, कुणाला न विचारता.
थोडा वेळ बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत.
मग मालूताई म्हणाल्या,
"आमच्या घरमालकांनीही सून आणली, तिकडचीच.
साठ हजारांत. गुणी आहे हो. बोलतच नाही."

आणली.
भाजी आणली, गजक आणली, सून आणली.
तिन्हींना एकच क्रियापद,
आणि ते माझ्याही लग्नात वापरलं होतं.
इतक्या वर्षांत मी ते तपासलं नव्हतं.

कागदाच्या तळाशी बाईंना दोन ओळी हव्या होत्या,
ओडियात. स्टेशनच्या कँटीनमधल्या गोलक बेहेरानं
पिठाच्या हातानं लिहून दिल्या.
गोल गोल अक्षरं, डोक्यावर रेघ नाही.
काना कुठला, मात्रा कुठली?
आयुष्यात पहिल्यांदा मी मजकूर न वाचता पास केला.

मेळ्यात हाडं गोठवणारी थंडी होती.
लोक कागद घेत, घडी घालत, त्यावर गजक खात.
एकानं विचारलं, यावर सूट किती टक्के?
आकाशपाळण्याखाली ती उभी होती,
कडेवर पोर, पदर नाकापर्यंत,
सासू पलीकडे कढईचा भाव पाडत.
कागद घेतला. हिंदीवरून नजर घसरत घसरत
तळाशी गेली
आणि थांबली.
ओठ हलले, आवाज नाही.
पोरानं कागद ओढला, तिनं सोडला नाही.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे नव्हे,
अंबाड्याकडे. हात पुढे केला.
मी पेन्सिल दिली.
पोराच्या पाठीवर कागद टेकून
तिनं एका गोलाखाली शेपूट काढली,
बारीक, ठाम, शाळेत शिकवतात तशी,
मला दाखवली,
आणि पेन्सिल परत केली.
"ए उडियावाली!" सासूची हाक आली.
ती गेली. कागद पोराच्या स्वेटरच्या आत गेला.

संध्याकाळी गोलकला प्रत दाखवली, बोट ठेवून.
त्यानं कपाळावर हात मारून घेतला.
र ची शेपूट राहिली होती म्हणे.
शब्द कुठला, मी विचारलं.
"घर," तो म्हणाला. "तुमच्यात काय म्हणतात?"

सातशे प्रती उरल्यात.
शेगडीपाशी बसून एकेक शेपूट काढते आहे.
टोक दोनदा मोडलं.