भाडेकरूंसह

खरेदीखताच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती,
‘सदर मिळकत भाडेकरूंसह.’
कारकून ती ओळ
तोंडातली सुपारी न थुंकता वाचून गेला.
मी अंगठा लावला, फोटो निघाला,
एकतीस वर्षं गावोगाव इंजेक्शनं टोचून जमलेले पैसे
बोथराशेटच्या खात्यात गेले.

वडनेर फाट्यावरचे तीन गाळे, वर टिना.
पहिल्याला कुलूप, आत शेटचं जुनं खत
आणि उंदीर.
दुसऱ्यात शेवंता नेवारेची शिलाई मशीन.
तिसऱ्यात गयासभाई, गाद्या-रजया पिंजणारा,
भिंतींना कापसाची लव,
दाढीलाही.

शेट म्हणाले होते,
‘करार नाही, चिठ्ठी नाही,
पाहिजे तेव्हा काढा त्यांना.’
जसा हलता दात काढतात.

पहिल्यांदा गेले तर चहा आला.
शेवंता म्हणाली, ‘सिस्टरबाई,
भाडं आता तुमाले द्यायचं का शेटले?
अन् माह्या अनामतीचे सात हजार,
ते कोनाजवळ हायेत?’

मी पिशवीतून खत काढलं.
उत्तरेस रस्ता, दक्षिणेस नाला,
पूर्वेस सरोदेंचा गोठा, पश्चिमेस पांदण.
सात हजार चतुःसीमेत कुठेच नव्हते.

‘पावती आहे?’
ती उठली, दार लोटलं.
दारामागे, लाकडावर, शेटच्याच वळणदार अक्षरात:
सात हजार पोचले. अक्षयतृतीया. सही.
त्याखाली दर महिन्याची एक रेघ,
एकशे बत्तीस रेघा.
लॉकडाऊनच्या तीन आडव्या पडलेल्या,
आणि दिवाळीनंतर त्यांच्यावरच
तीन उभ्या.

गयासभाई वर बघत होता.
‘टिना म्या टाकल्या, बाई.
शेट बोलला, भाड्यातून कापू.
चार फिटल्या, सात बाकी हायेत.’
म्हणजे मी घेतलेल्या गाळ्याच्या डोक्यावरचं
अर्ध्याहून जास्त आभाळ
दुसऱ्याचं.

शेटला फोन लावला.
ते नागपुरात, मुलाकडे, जेवायला बसलेले.
‘आता ते तुमचं तुम्ही बघा.’
हिंगणघाटच्या वकिलांना विचारलं.
ते म्हणाले, ‘भाडेकरूंकडून आधीच लिहून घ्यायचं असतं,
किती अनामत, किती देणं, काय ठरलं.
शेटच्या रकमेतून तेवढं कापायचं असतं.’
‘हे आत्ता सांगता?’
‘आत्ता विचारलंत.’

रंगारी ठरला होता, गेरू आणि पिस्ता.
त्याला म्हटलं, सगळं रंगव,
त्या दाराची मागची बाजू सोडून.
मग स्टँपपेपर आणले, दोन,
अकरा महिन्यांचे.
शेवंतानं कापडावर खुणा करायची पेन्सिल पुढे केली,
‘हितंबी लिवा.’
मी लिहिलं, शेटच्या सहीखाली:
सात हजार आता माझ्याकडे.
नव्हते ते माझ्याकडे,
पण लिहिल्यावर झाले.

एक तारखेला गयासभाई आला.
नोटा दोनदा मोजल्या,
एका टिनेएवढ्या कमी.
‘सहा,’ तो म्हणाला,
आणि मशीनवर जाऊन बसला.